सरळ रेषेतले पंधरा तास

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगणारी पानं इंटरनेटवर आहेत. पुष्कळ आहेत, सगळी एकाच छापाची. इकडचं नाव टाका, तिकडचं टाका, नकाशावर निळी रेघ उमटते, खाली किलोमीटर, मैल, सागरी मैल आणि शेवटी तास-मिनिटं. मला आता त्या पानांची शिसारी येते. कोणी माझ्यासमोर फोन काढून "सर, अमुक शहर विमानानं किती तास हो?" असं विचारलं की मी उठून आत जातो. म्हातारा तिरसट झाला, असं लोक म्हणतात. झालोच आहे.

पांढुर्ण्यात मी तीस-एक वर्षं भूगोल शिकवला. अंतर म्हटलं की माझी जीभ सैल सुटते. लेक टोरांटोला आहे. तिला दिवस गेले आणि तिच्याकडं जायचं ठरलं, तेव्हा पहिलं काम मी काय केलं, तर ते पान उघडलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. पण आधीच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला एवढा प्रवास करू दिला नाही. त्या पहिल्या वेळी जावई कामावर होता आणि घरात ती एकटी होती. ते तिच्या मनातून जात नव्हतं. फोनवर रोज एकच म्हणायची, "आई, या वेळी मले एकटीले ठेवू नको. कळा सुरू व्हायच्या आधी तू माह्याजवळ पाहिजे."

"येते, बाई. आधीच येते," असा शब्द बायकोनं तिला दिला. लेकीला माहेरी येता येत नाही, तर माहेरच उचलून तिकडं न्यायचं. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोप, जुन्या मऊ लुगड्यांचे लंगोट, सगळं बांधून झालं. माझ्याकडं एकच काम होतं, माहिती देणं. आणि ते मी गावभर दिलं.

नागपूर ते टोरांटो, बारा हजारांवर किलोमीटर, वेळ साधारण पंधरा तास. सकाळी स्टेशनरोडवर फिरताना सांगितलं, दाढी करता करता न्हाव्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं. घरी कोणी आलं की मी टोपलीतलं संत्रं उचलायचो, त्यावर दोरा ताणायचो आणि विमान उत्तरेकडून वळसा घालून का जातं ते समजावायचो. लोक माना डोलवायचे. बायको एकदा दारात उभी राहून ते पाहत होती. संत्रं मी खाली ठेवल्यावर तिनं विचारलं, "ते सारं खरं, पण तास किती लागते?"

"पंधरा."

"घरातून निघाल्यापासून?"

"सांगितलं ना पंधरा. किती वेळा सांगू?"

तिनं तीनदा विचारलं होतं, हे मला नंतर आठवलं. तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा मी फोनमध्ये डोकं घालून उत्तर दिलं. त्या निळ्या रेघेवरून एकही विमान उडत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. तिकिटं माझ्याच हातात होती, दोन ठिकाणी विमान बदलायचं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तिकिटावर त्या त्या गावच्या वेळा असतात. त्यांची वजाबाकी करायला बसावं लागतं. आयुष्यभर पोरांकडून रेखांशावरची गणितं सोडवून घेतली आणि घरच्या बाईसाठी एक वजाबाकी मला झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यात माझा साळा. सौंसरला त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानदारांच्या एका सहलीत तो एकदा दुबईला जाऊन आला आहे. तेवढ्या भांडवलावर आमच्या सगळ्या नात्यागोत्यात विमानातला जाणकार तोच. आम्ही निघायच्या आधी पंधरवड्यावर तो मुद्दाम आला, सोबत आणखी चार पाहुणे. चहा झाला आणि ह्याचं सुरू झालं.

"ताई, विमानातल्या संडासात तांब्या नाही बरं का. कागद! अन् बटन दाबलं का असा आवाज होते, असा आवाज होते, माणूसच आतमधी ओढल्या जाते का काय वाटते."

पाहुणे खिदळले. तो आणखी फुलला. "अन् बाया-माणसाईचा एकच. आधी कोण बसून गेला, पत्ता नाही. तसंच बसायचं!"

आता हे लिहिताना मला त्याच्या तोंडाची, त्या पिवळ्या दातांची किळस येते. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही हसलो होतो. नुसता हसलो नाही, तर हवेच्या दाबातल्या फरकामुळं ते कसं खेचलं जातं, याची माहिती वर पुरवली. बायको सगळ्यांचे कप गोळा करून आत गेली. ती हसली की नाही, ते मी पाहिलं नाही.

तिच्या स्वच्छतेची आमच्या घरात चेष्टाच व्हायची. दुसऱ्यानं उष्टावलेल्या गिलासाला ती हात लावणार नाही, लग्नाच्या पंगतीत स्वतःचं भांडं घेऊन जाणार. खुर्चीसारख्या संडासावर, जिथं परका माणूस बसून गेला, तिथं अंगाची कातडी टेकवायची, ही कल्पनाच तिला सहन होणारी नव्हती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ध्यानात घेणं यात फरक आहे.

निघायच्या आधीच्या आठवड्यात ती चहा अर्धाच सोडून उठायची. सकाळी एकदा पाणी प्यायली की दिवसभर माठाकडं फिरकायची नाही. मला वाटलं, नवस-बिवस असेल, लेकीसाठी एखादा उपास धरला असेल. "तब्येत सांभाळ," एवढं बोललो आणि बॅगांची वजनं करत बसलो. ती सराव करून राहिली होती. पंधरा तासांचा सराव.

निघालो त्या दिवशी सकाळी सातला गाडी दारात आली. शेजारच्या काकूंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं. तेवढं दही बायकोनं चाटलं, देवाला हात जोडले आणि गाडीत बसली. गल्लीतली माणसं उभी होती. कोणीतरी विचारलं, "मग सर, उद्या या वेळी तिकडंच ना?" मी मोठ्यानं म्हणालो, "उद्या काय, रात्रीच पोचतो." असली थोरवी मिरवताना जीभ झडत नाही माणसाची.

नागपूरला तपासणीच्या आधी मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली. "पिऊन घे, आत नेऊ देत नाहीत." ती म्हणाली, "तुम्हीच प्या." मी प्यायलो. विमानात खिडकीची जागा माझी. दोघांपैकी खिडकी कोणी घ्यायची हा प्रश्न आमच्यात कधी उठलाच नव्हता. आतली बाई पाणी घेऊन आली तेव्हा बायकोनं हातानंच नको म्हटलं. मला वाटलं, परक्याच्या गिलासाचं काहीतरी असेल.

पहिलं विमान बदलायचं त्या शहरात साडेसहा तास बसायचं होतं. तिथं ती एकदा बायकांच्या बाजूला जाऊन आली. मी विचारलं, "झालं?" तिनं मान हलवली. मग जरा वेळानं तिनं विचारलं, "अजून कितीक राहिलं हो?"

घरातून निघून नऊ तास झाले होते. मी घड्याळ पाहिलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "राहिलं म्हणतेस? अजून खरा प्रवास सुरूच कुठं झाला! आता चार तास, मग पाच तास बसायचं, मग चौदा तास."

ती माझ्याकडं पाहत राहिली. तसं तोंड तिचं मी आधी पाहिलं नव्हतं. भीती होती का राग होता, मी विचार केला नाही. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. थकली असेल म्हणून मी दुकानं पाहायला उठून गेलो.

ती साडेसहा तासांची गर्दी मला अजून आठवते. बाकांवर पाय पसरून झोपलेली माणसं, त्यांच्या मोज्यांचा वास, पोरांनी सांडलेलं दूध, त्यावरून फिरणारी चाकांची बॅग. आणि जिकडंतिकडं पडदे, त्यावर अंतरं आणि वेळा. दुसऱ्या विमानात माझ्यापुढच्या पडद्यावर छोटं विमान सरकत होतं आणि राहिलेले किलोमीटर कमी होत होते. मी ते चार तास त्याकडं पाहत बसलो. माझ्या कोपराला कोपर लावून बसलेल्या बाईकडं एकदा वळून पाहिलं नाही.

वाळवंटातल्या त्या तिसऱ्या विमानतळावर शेवटच्या विमानाची रांग लागली. रांगेत ती माझ्यामागं होती. माझा पासपोर्ट पाहून झाला, मी पुढं सरकलो आणि मागं धप्प आवाज झाला. बायको खाली पडली होती. अंग तापलेलं, ओठ पांढरे आणि पोटावर दोन्ही हात घट्ट दाबलेले.

चाकाच्या खुर्चीवरून तिला तिथल्या दवाखान्यात नेलं. नर्स केरळची होती, मोडकीतोडकी हिंदी बोलणारी. तिनं सलाइन लावलं आणि मला विचारलं, "लास्ट पानी कब पिया?"

मी म्हटलं, "प्लेन में पिया होगा."

"होगा?" ती म्हणाली. "और यूरिन? लास्ट यूरिन कब किया?"

चाळीस वर्षांचा संसार आणि परक्या बाईसमोर मी नुसता पाय चोळत उभा. टोरांटोचे अक्षांश विचारले असते तर दशांशासकट सांगितले असते.

बायकोनं हातानं खूण केली, बाहेर जा. मी पडद्याबाहेर गेलो. आतून तिची कुजबूज ऐकू येत होती, हिंदी आणि आपली बोली मिसळलेली. दहा-पंधरा मिनिटांनी नर्स बाहेर आली. मला हाताला धरून जरा दूर नेलं आणि हळू आवाजात बोलली. कालच्या सकाळपासून पाणी नाही. बावीस तासांत एकदाही जाणं नाही. पहिल्या विमानतळावर आत गेली, पण सगळ्या बसायच्याच बैठका, आणि ही नुसती समोर उभी असताना एकीत पाणी आपोआप गरजत सुटलं, म्हणून घाबरून परत आली. आता लघवी अडली आहे, ताप आहे, नळी घालावी लागेल. आज उडता येणार नाही.

"मैंने पूछा, अम्मा, ऐसा क्यों किया," नर्स म्हणाली. "बोली, मिस्टर ने फिफ्टीन अवर बताया था. फिफ्टीन अवर मैं रोक सकती हूँ."

विमान गेलं. मी काचेतून ते जाताना पाहिलं. मला त्या क्षणी माझीच अशी किळस आली की खिशातला फोन कचऱ्याच्या डब्यात टाकून द्यावासा वाटला. टाकला नाही, कारण लेकीला कळवायचं होतं.

कळवायच्या आधी जावयाचाच निरोप आला. कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या आठ दिवस आधी. लेक विचारत होती, आई बसली ना विमानात? मी लिहिलं, हो. एवढी एक गोष्ट मी खोटी लिहिली, असं मी मनाला समजावलं. खरं लिहायची माझी लायकीच नव्हती.

नळी घातल्यावर बायको जरा सावध झाली. मी तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो आणि चिडलोच. चूक आपली असली की माणूस आधी चिडतो. "काहून असं केलं? मले सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "हे काय नवऱ्याले सांगायची गोष्ट आहे?"

"पण बावीस तास!"

"पंधराच धरले होते मी. सवय आहे मले."

"कशाची सवय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, शाळेत एखादं पोर फारच मठ्ठ निघाल्यावर आम्ही पाहतो तसं. "शाळेत कुठं होतं हो? सव्वीस वर्षं."

बायकोही मास्तरीणच. तिची शाळा तिगावच्या पुढं, आडरानातली. सकाळी नऊला घरातून निघायची, पॅसेंजरनं एक स्टेशन, पुढं मिळेल त्या गाडीनं किंवा पायी. संध्याकाळी सहाला परत. शाळेत बायकांसाठी सोय नव्हती. मग बांधली, तर तिला कुलूप. मोठे साहेब तपासणीला आले की उघडायची. एक बाई आणि तीन गुरुजी. गुरुजी शेताकडं जायचे. ही नऊ तास पाणी न पिता पोरांना शिकवायची, आणि निवडणुकीची ड्यूटी आली की बारा, तेरा. गावातल्या माझ्या शाळेत गुरुजनांच्या खोलीमागंच मोरी होती. मधल्या सुट्टीत आम्ही तिथं जाऊन हात धुऊन चहा प्यायचो.

दर उन्हाळ्यात तिला उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, कळ, डोळ्यांत पाणी. मी धन्याचं पाणी करून द्यायचो, सब्जा आणायचो आणि वर भाषण द्यायचो, "पाणी पीत जा. शिकलेली बाई तू, तुले एवढं समजत नाही? पाणी पीत जा." सव्वीस वर्षं मी हेच बोललो. ती ऐकून घ्यायची. एकदाही म्हणाली नाही की अहो, पिऊन जाऊ कुठं.

माझ्या आवाजातलं ते भाषण माझ्याच कानांत वाजत होतं. साळ्याला मी नावं ठेवतो, पण तो बिचारा एका संध्याकाळपुरता हसला होता.

विमान गेल्यावर अठरा-एकोणीस तासांनी जावयाचा फोन आला. मुलगी झाली. लेक ठीक आहे, बाळ ठीक आहे. मागून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. पुढच्या विमानानं येतो, एवढंच मी त्याला सांगितलं, कारण सांगितलं नाही. मी मनातल्या मनात ती वजाबाकी केली, जी आधी करायची होती. ठरल्या विमानानं गेलो असतो तर चार-पाच तास आधी पोचलो असतो. कळा सोसताना हात धरायला आई असती. तिनंही मोजलं असावं, कारण तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलत राहिले. "शब्द दिला होता मी पोरीले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली, ताप उतरला आणि जायची परवानगी मिळाली. नर्सनं मला बाजूला घेऊन बजावलं, दर तासाला पाणी, दर दोन तासांनी संडास, आणि जबाबदारी तुमची. मी मान डोलवली. विमानात बायकोला कडेची जागा दिली आणि खिडकीला मी बसलोच नाही, मधल्या जागेवर बसलो.

दोन तास झाल्यावर ती नुसती माझ्याकडं पाहू लागली. मी उठलो. त्या चिंचोळ्या खोलीत आधी मी गेलो. खाली ओल होती, बैठकीवर कोणाचे तरी थेंब, आरशाला थुंकी, भांड्यात कागदाचा लगदा. जन्मात मी संडास साफ केला नव्हता. घरचा कोण करायचं हेही कधी मनात आलं नव्हतं. पण केला. बाह्या वर केल्या, कागद ओले केले, बैठक पुसली, खालची ओल पुसली, साबण लावून पुन्हा पुसली. बटण दाबलं, तो आवाज ऐकला, पुन्हा दाबलं. रिकामी बाटली नळाखाली धरून भरून ठेवली, तांब्याऐवजी. मग बाहेर येऊन तिला सांगितलं, "आवाज मोठा होते, पण बटन तू दाबल्याशिवाय होत नाही. कडी अशी लागते. मी इथंच उभा आहे."

ती आत गेली. मागं रांग लागली. एक उंच माणूस चुळबुळत म्हणाला, "अंकल, और कितना टाइम?"

"पता नहीं," मी म्हणालो. वेळेबद्दल एवढं खरं मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

चौदा तासांत असं सहा वेळा केलं. दर वेळी आधी मी, मग ती. किळस दर वेळी तेवढीच आली, कमी झाली नाही. तिनं एकदाही माझे आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

टोरांटोला जावई घ्यायला आला होता. लेक दवाखान्यातून घरी आली होती. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, मांडीवर बाळ. आईला पाहून तिनं आधी बाळ पुढं केलं नाही. आधी म्हणाली, "तू तं म्हणाली होती ना, आधी येते म्हणून. मी दारातच पाहून राहिली होती. त्या नर्सले सांगून राहिली होती, माही आई येऊन राहिली, थांबा."

बायको तिच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवू लागली. सलाइनच्या सुईनं हातावर पडलेला निळा डाग तिनं पदराखाली घेतला.

"मी काय करू, बाई," ती म्हणाली. "विमानच लेट झालं."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. जावईही पाहत होता. दोन दिवसांपूर्वी आमचं ठरलेलं विमान वेळेवर उतरल्याचं त्याला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणालो. "लय लेट झालं."